फी माफ, पण वाट बंद

२०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. स्वागतच आहे. पण ही माफी प्रवेशानंतरची. इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरतो सीईटीवर. राधानगरीच्या वाड्यांवर मी पाहते, भावाला क्लाससाठी कोल्हापुरात खोली मिळते. बारावी विज्ञानची बहीण मात्र ‘शेवटची एसटी चुकली तर?’ म्हणून घरीच. त्यात २०१९ पासून परीक्षा संगणकावर. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. नुसती फी माफ करून ते थांबले नव्हते. मैत्रिणींनो, सीईटीचे मोफत वर्ग तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातच, संगणकासह, दिवसाउजेडी भरवा, ही मागणी आपण लावून धरू या.