सहीवाला जागेवर आला होता का?

मे महिना हा विद्यापीठांतला वेल्डिंगचा हंगाम. परीक्षा आटोपलेल्या, हॉस्टेल रिकामी, वर्क ऑर्डरी निघालेल्या. गेल्या आठवड्यात एका विद्यापीठात गेलो होतो, तेव्हा रसायनशास्त्राच्या इमारतीमागे दोन पोरं खिडकीला ग्रिल बसवत होती. एक ग्रिल धरून उभा, दुसरा रॉड टेकवतोय, अर्थिंगचा चिमटा खिडकीच्याच गजाला. पायांत स्लिपर. खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. पुठ्ठ्याच्या पलीकडे विभागाची स्टोअर रूम. इथर, ॲसिटोन, हेक्झेन, सगळं तिथेच.

"परमिट घेतलंय का रे?" मी विचारलं.

त्याने खिशातून घामेजलेला, चार घड्यांचा कागद काढला. "आहे ना सर, हे काय."

वर्क ऑर्डरची झेरॉक्स होती. किलोमागे दर, जीएसटी, मुदत, जावक क्रमांक, अभियंत्याची सही. खिडकीच्या आत काय आहे, तेवढंच त्यात नव्हतं.

त्या पोराला मी दोष देत नाही. तोच पोरगा तळोज्याच्या किंवा लोट्याच्या एखाद्या केमिकल कंपनीत गेला, तर परमिट हातात पडेपर्यंत गेटवर दोन तास मुकाट बसतो. तिथे आगीचं काम म्हटलं, की सेफ्टीवाला आधी जागेवर येतो. आजूबाजूच्या दहा-अकरा मीटरमधलं पेट घेणारं सगळं हलवतात, नाहीतर झाकतात. फायर एक्स्टिंग्विशर येतो, आणि फक्त ठिणग्यांवर नजर ठेवायला एक माणूस उभा राहतो. काम संपल्यावरही तो अर्धा-एक तास हलत नाही, कारण फटीत गेलेली ठिणगी धुमसत राहते आणि सगळे चहाला गेले की पेट घेते. शिफ्ट बदलली की परमिट संपलं, पुन्हा नवीन. विद्यापीठाच्या फाटकातून आत आलं, की यातलं काहीच लागत नाही.

'विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे' हे वाक्य मी इतक्या प्राध्यापकांकडून ऐकलंय, की आता हसू येतं. कायद्यानेही त्यांना बरीच वर्षं साथ दिली. बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यापूर्वी जाणकाराने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनाचं साधन आणि दोर बांधलेला पट्टा वापरायचा आणि दोराचं टोक बाहेरच्याने धरायचं, हे १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ३६मध्ये आलं. पण ते कारखान्यापुरतं होतं. हॉस्टेलच्या सेप्टिक टँकमधला हायड्रोजन सल्फाइड कारखान्याची व्याख्या वाचत नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर निदान कळतं तरी. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेलासा वाटतो आणि माणूस बिनधास्त खाली उतरतो. मग त्याला काढायला दुसरा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६मध्ये सांगितलं होतं, की बंदिस्त जागांमधल्या मृतांपैकी साठ टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. टाकी तुंबल्यावर रेक्टर फोन मात्र ठेकेदारालाच लावतात.

कागद कमी पडतात, असं माझं म्हणणं नाही. विद्यापीठाइतके कागद कुठेच नसतील. अडचण भिंतीची आहे. भिंतीच्या बाहेरचं अभियांत्रिकी विभागाला ठाऊक, आतलं प्राध्यापकाला, आणि हे दोघे भेटतात ते फाइलवर.

याचा सगळ्यात भयंकर दाखला दिल्लीचा. तिथल्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक गॅमा इरॅडिएटर होता, साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाहून आणलेला. आत कोबाल्ट-६०. १९८५पासून तो बंद होता. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजात जा, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये अशा यंत्राची एक ओळ सापडेल: नग एक, नादुरुस्त. ज्याला त्याच्या पोटात काय आहे ते माहीत, तो निवृत्त होतो. उरते ती ओळ, आणि निर्लेखन समितीला तेवढीच दिसते. फेब्रुवारी २०१०मध्ये ते यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं, शिशाचं कवच काढलं. एप्रिलमध्ये कातडी काळी पडलेली, केस गळलेली माणसं इस्पितळात पोचली. त्यातला एक कामगार त्याच महिन्यात गेला.

किरणोत्सर्गी स्रोत आणायला जसा परवाना लागतो, तसा टाकायलाही लागतो. तो देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या मुंबईत, अणुशक्तीनगरात आहे. दिल्लीहून त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. नंतर मंडळाने विद्यापीठाची किरणोत्सर्गी स्रोत वापरण्याची परवानगी थांबवली, पण तोवर मायापुरीत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या लिलावाला सह्या कमी पडल्या नसणार. यंत्रापाशी उभं राहून 'याच्या आत काय आहे?' असं विचारणारा एक माणूस कमी पडला. परमिट म्हणजे मुळात हा प्रश्न विचारण्याची सक्ती. म्हणून कुलसचिवांच्या सहीचं परमिट मला नको. विभागातल्या एकाने आणि काम करून घेणाऱ्या एकाने, दोघांनी एकाच वेळी जागेवर येऊन सही करावी. अर्धा तास जाईल. विद्यापीठात अर्धा तास कशाकशात जातो, ते मी सांगायला नको.

त्या दिवशी माझं बोलणं ऐकून प्रयोगशाळेतले मामा बाहेर आले. त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "अरे, आत इथर आहे. त्याची वाफ जमिनीवरून सरपटत येते." पोराने रॉड खाली टाकला, मशीनचा खटका बंद केला आणि विचारलं, "मग काय करू?"

मामांनी समोरच्या चिंचेखालची मोकळी जागा दाखवली. ग्रिल तिथे जोडलं. खिडकीला बसवताना भिंतीला भोकं पाडायची होती, तेव्हा मामांनी आधी स्टोअर उघडून बाटल्या दुसऱ्या खोलीत हलवल्या, मग हातड्रिल आणून दिलं. चार बोल्टांत काम झालं. वर्क ऑर्डरमध्ये 'वेल्डिंग करून बसवणे' असं लिहिलंय, तेव्हा बिल अडेल का, याची काळजी ते पोरगं माझ्याकडे बोलून दाखवत होतं.