देशभक्तीची पावती

गेल्या रविवारी एका मित्राकडे पोहे-चहाला जमलो होतो. सगळे आयटीवाले, सगळेच कधी ना कधी अमेरिकेत ऑनसाइट जाऊन आलेले. गप्पांची गाडी कशी कोण जाणे ओबामांवर गेली आणि एकजण ठामपणे म्हणाला, "काही म्हणा, त्याला अमेरिकेबद्दल आतून प्रेम नव्हतंच." कशावरून रे बाबा? तर म्हणे, "तो कोटाला झेंड्याची पिनसुद्धा लावत नव्हता!"

इतकी वर्षं झाली, ती पिन अजून टोचतेच आहे :)

तर मंडळी, आधी त्या पिनचाच हिशोब करू. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत ती पिन लावायची लाट आली. ऑक्टोबर २००७ मध्ये ओबामांना विचारलं गेलं, तुम्ही का लावत नाही? ते म्हणाले, खऱ्या देशभक्तीच्या जागी नुसती पिनच आली असं वाटलं, म्हणून काढली. एप्रिल २००८ मध्ये फिलाडेल्फियातल्या वादसभेत, तिकडे इराकमध्ये युद्ध चालू असताना, पुन्हा तोच प्रश्न! शेवटी ते पिन लावायला लागले. मग प्रश्न मिटला? छे! आता जन्मदाखला दाखवा. जून २००८ मध्ये तो दाखवला. हा नको, मूळ मोठा दाखला दाखवा. २७ एप्रिल २०११ ला, राष्ट्राध्यक्ष असताना, तोही दाखवला. जन्म होनोलुलूचा, ४ ऑगस्ट १९६१. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, कॉलेजचे आणि पासपोर्टचे कागद दाखवा, धर्मादाय संस्थेला ५० लाख डॉलर देतो.

आपण सॉफ्टवेअरवाले. कुठलंही इनपुट दिलं तरी टेस्ट फेलच होत असेल, तर आपण काय म्हणतो? इनपुटला दोष देत नाही, ती टेस्टच तशी लिहिलीय म्हणतो.

आता समोरच्या उमेदवाराकडे बघा. जॉन मॅक्केन यांचा जन्म १९३६ चा, पनामा कालव्याच्या पट्ट्यातला. म्हणजे अमेरिकेच्या पन्नास राज्यांच्या बाहेरचा! त्यांच्या पात्रतेची शंका निघाली, तेव्हा सिनेटने एप्रिल २००८ मध्ये एकमताने ठराव करून ती मिटवली. त्या ठरावाच्या सहप्रायोजकांत एक नाव होतं बराक ओबामा. बाहेर जन्मलेल्याला ठराव, आणि हवाईत जन्मलेल्याला तीन वर्षं हेलपाटे. हा फरक कशाचा, हे सांगायला मी कशाला हवा?

मित्राने लगेच दोन मुद्दे काढले. पहिला, "यात वंशाचा काय संबंध? गोऱ्यांवरही असे आरोप झालेच की." झाले, अगदी खरं. व्हिएतनाममध्ये दोन पाय आणि एक हात गमावलेल्या मॅक्स क्लीलँडना २००२ मध्ये देशाच्या सुरक्षेबाबत कच्चे ठरवून पाडलं. २००४ मध्ये जॉन केरींच्या युद्धातल्या पदकांवर चिखल उडवला. राजकारण घाणेरडं असतंच. पण केरींच्या पदकांवर शंका घेतली, ते अमेरिकन आहेत का, असं नाही विचारलं. एकाला विचारलं, तू देशासाठी काय केलंस? दुसऱ्याला विचारलं, तू इथला आहेस का? हे दोन प्रश्न सारखे नाहीत.

दुसरा मुद्दा, "वंशभेद होता तर तो दोनदा निवडून कसा आला?" अरे, निवडून आल्यावरच तर दाखल्याचा गोंधळ वाढला! आणि तो सर्वांत जोरात वाजवणारा माणूस २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. मतदानाच्या दोनएक महिने आधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, त्याने एका वाक्यात कबूल केलं की ओबामा अमेरिकेतच जन्मले. झालं, मिटलं.

२००८ मधला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबरात मॅक्केन यांच्या सभेत एक बाई म्हणाल्या, ओबामा अरब आहे. मॅक्केननी माइक घेतला आणि म्हणाले, नाही बाई, तो सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहे. वाहवा झाली, आणि व्हायलाच हवी होती, स्वतःच्या समर्थकांसमोर असं बोलायला धाडस लागतं. पण अरब माणूस सभ्य आणि कुटुंबवत्सल नसतो का? थोड्याच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, कॉलिन पॉवेल यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिश्चन आहेत, हे खरंच. पण असते तर काय बिघडलं असतं? इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका मुसलमान अमेरिकन सैनिकाच्या थडग्याची आठवण त्यांनी त्या दिवशी करून दिली.

"जाऊ दे ना, आपल्याला काय करायचंय?" मित्र शेवटी म्हणाला. खरा राग मला या वाक्याचा आला. ऑगस्ट २००६ मध्ये व्हर्जिनियाचे सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी सभेत एका भारतीय वंशाच्या मुलाला 'मकाका' म्हटलं आणि अमेरिकेत त्याचं स्वागत केलं. तो मुलगा व्हर्जिनियातच जन्मलेला! २०२० मध्ये कमला हॅरिस यांच्या पात्रतेवर शंका काढली गेली. जानेवारी २०२४ मध्ये निकी हेली यांच्यावर, जन्म साउथ कॅरोलिनाचा आणि पक्ष ट्रम्प यांचाच असूनही. म्हणजे पक्ष बदलून सुटका नाही.

या मित्राची मुलगी न्यू जर्सीत जन्मलीय. पुढच्या वर्षी ती तिकडे कॉलेजला जाणार. उद्या तिला कुणी विचारलं, "तू नक्की कुठली?" तर तिने कोटाला कुठली पिन लावायची?

त्याला विचारलं. तो म्हणाला, "पोहे घे अजून." घेतले. उत्तर मात्र बाकी आहे.