परीक्षक ससा

बुधवार पेठेत कुत्रा पाळत नाहीत, तो असतो. बोळाच्या तोंडाशी जसा दिव्याचा खांब असतो, तसाच खांबाच्या बुडाशी कुत्रा असतो. त्याला कुणी आणलेलं नसतं, त्यामुळे तो कुठून आला हे विचारायची पद्धत नाही. लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवाई दत्तमंदिर आमच्याच पेठेतलं, १८९८ सालचं. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं आहे. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरची कुत्री! पण त्यांच्या जातीचा दाखला आजवर एकाही भक्तानं मागितल्याचं ऐकिवात नाही.

दाखला मागायची चाल आता पडली आहे. नदी ओलांडून पलीकडच्या सोसायट्यांत गेलात, की माणसाचं आडनाव विचारायच्या आधी कुत्र्याचं ब्रीड विचारतात. आमच्या बँकेत एक गृहस्थ आहेत. पक्षपंधरवड्यात गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं, की ते बायकोच्या तोंडाकडे पाहतात. पण आपल्या कुत्र्याच्या पाच पिढ्या त्यांना तोंडपाठ आहेत. त्यातल्या तीन पिढ्यांना चॅम्पियनची पदवी आहे. "हे बघा सर्टिफिकेट," म्हणून ते कागद पुढे करतात. मी जन्माचा कारकून. कागद पुढे आला की पहिल्यांदा त्यात काय लिहिलेलं नाही ते मी पाहतो. त्या कागदात पणजोबा किती वर्षांनी गेले आणि कशानं गेले, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

माझं भांडण आहे ते इथंच. कुत्र्याला रूपाबद्दल बक्षीस द्यायचं आणि त्या बक्षिसावर त्याची पुढची पिढी ठरवायची, हा मुक्या जनावरावरचा अन्याय आहे. तो अन्याय विलायतेत होत होता तोवर एक वेळ मी गप्प बसलो असतो. पण आता तो आपल्या मातीतल्या कुत्र्याच्या दाराशी येऊन उभा आहे.

विलायतेपासूनच सुरुवात करतो. माझा भाचा न्यूकॅसलला असतो. त्यानं शेजाऱ्याच्या कुत्र्याबरोबरचा फोटो पाठवला. तो पाहून त्याची आई, म्हणजे माझी बहीण म्हणाली, "अरे, त्या थंडीत लोक घरात मेंढी कशाला ठेवतात?" तिची चूक नाही. बेडलिंग्टन टेरियर हा कुत्रा दिसतो खरोखरच कोकरासारखा. पण हे कोकरू मूळचं कष्टकरी. न्यूकॅसलच्या उत्तरेला बेडलिंग्टन नावाचं गाव आहे, कोळशाच्या खाणींचं. तिथल्या कामगारांनी हा कुत्रा वाढवला. उंदीर-घुशी माराव्यात, बिळातल्या सशाला गाठावं आणि रविवारच्या रश्श्याची सोय करावी, ही त्याची नोकरी. बेडलिंग्टन हे नाव त्याला मिळालं १८२५ साली, आणि देणारा होता एक गवंडी. गवंड्यानं ठेवलेलं नाव आहे, त्यात दिखाऊ काही असायचं कारण नाही.

पुढे १८७३ साली लंडनात केनेल क्लब निघाला. प्रदर्शनं वाढली, आणि खाणीतला कामगार टेबलावर जाऊन उभा राहिला. मग त्याची हजामत सुरू झाली. डोक्यावर तुरा, कानांना गोंडे, पाठीला डौलदार कमान. परीक्षक दात बघायला लागले, चाल बघायला लागले, केसांचा पोत बघायला लागले. फक्त एक गोष्ट त्यांना दिसेना, कारण ती कातडीच्या आत होती. ती म्हणजे यकृत.

१९७५ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, की या जातीतल्या कित्येक कुत्र्यांच्या यकृतात तांबं साठत जातं. अन्नातून आलेलं जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकायची जी व्यवस्था शरीरात असते, ती यांच्यात जन्मतःच बिघडलेली. आमच्या शेजारच्या कसब्यात तांबट आळी आहे. तिथं तांबं येतं, ठोकलं जातं आणि बंब-घंगाळं होऊन बाहेर पडतं. बेडलिंग्टनच्या यकृतात ते नुसतं येतं. खात्यात रोज भरणा, आणि काढायची सोय नाही! असं खातं पाहून बँकेचा मॅनेजर पेढे वाटेल, पण कुत्र्याचं यकृत त्यानं निकामी होतं.

हा दोष मोठा लबाड. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तरच पिल्लू आजारी पडतं. एकाकडूनच आला तर कुत्रा अगदी ठणठणीत. तो प्रदर्शनात पहिला येतो, कप घेतो, आणि आपल्या शेकडो नातवंडांना निमूटपणे वारसा देऊन जातो. कामाच्या कुत्र्यांत हा दोष नसतोच, असं मी म्हणत नाही. उंदीर मारल्यानं यकृत सुधारत नाही. पण खाणकामगाराचा कुत्रा रोज राबत होता. जो आजारानं खंगला तो कामाला उभा राहत नसे, आणि जो उभा राहत नसे त्याची पिल्लं कुणी मागत नसे. टेबलावर मिनिटभर ऐटीत उभं राहायला मात्र निरोगी यकृत लागत नाही.

आम्हा कॉमर्सवाल्यांना ही कला चांगली परिचयाची आहे. ३१ मार्च जवळ आला, की ताळेबंद नटवतात. बुडीत कर्जं आतल्या खोलीत, शिल्लक दिवाणखान्यात. याला आमच्या शास्त्रात विंडो ड्रेसिंग म्हणतात. फरक एवढाच, की बँकेत नंतर ऑडिटर येतो. कुत्र्यांच्या प्रदर्शनात ऑडिटर येतच नाही, येतो तो फोटोग्राफर.

त्यात पुन्हा सोयरिकीचा प्रश्न. चॅम्पियनचं नाक आवडलं, की सगळ्यांना तेच नाक हवं. मग चॅम्पियनची मुलगी चॅम्पियनच्याच पुतण्याला द्यायची, नातीला पुन्हा आजोबांच्या घरी पाठवायचं. आमच्या आजीला जनुकशास्त्र ठाऊक नव्हतं, पण सगोत्र म्हटल्यावर ती पत्रिका परत करायची. मामाची मुलगी आपल्याकडे चालते, हे कबूल. पण पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या मामाच्याच मुली करत गेलं, तर त्या घराण्याच्या भिंतीवर फोटो सगळे एकसारखे दिसतात आणि दवाखान्याची बिलंही.

"अहो, पण रक्तात भेसळ झाली तर जात बुडेल!" असं आमचे ते बँकेतले गृहस्थ म्हणतात. त्यांच्यासाठी डालमेशियनची गोष्ट सांगतो. ठिपक्याठिपक्यांचा हा कुत्रा. जातिवंत डालमेशियनच्या लघवीत युरिक अ‍ॅसिड फार, त्याचे खडे होतात, लघवी अडते. १९७३ साली एका अमेरिकन जनुकशास्त्रज्ञानं त्याचा संकर पॉइंटर जातीशी केला, फक्त एकदा. नंतर पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा डालमेशियनच. दोष गेला, ठिपके राहिले. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबनं अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. झालं! डालमेशियनवाल्या मंडळींनी भेसळ भेसळ म्हणून असा गिल्ला केला, की नोंदणी बंद पडली. ती पुन्हा उघडायला २०११ साल उजाडलं. मधली तीस वर्षं कुत्र्यांनी खडे सोसले, कारण माणसांना सोवळं सुटत नव्हतं.

आता आपल्या घरी येऊ. सांगली-सोलापूरपासून पलीकडे विजापूर-बागलकोटपर्यंतच्या माळरानावर एक कुत्रा आहे. आपण त्याला करवानी म्हणतो. लांबट डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, काठीसारखे पाय. कानाशेपटीला झुपकेदार केस असले तर पश्मी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुत्र्याला आश्रय दिला, वाढवला, त्याची जोडी इंग्लंडच्या बादशहाला, पंचम जॉर्जला भेट दिली. म्हणून तो झाला मुधोळ हाउंड. आजही दोन क्लबांत त्याची दोन नावं आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कॅरव्हॅन हाउंड म्हणतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. कुत्रा दोन्ही नावांना ओ देत नाही. तो फक्त ससा दिसला की देतो.

ससा हाच त्याचा परीक्षक होता. शेकडो वर्षं त्याची परीक्षा सशानं घेतली. आणि काय परीक्षक! वशिला चालत नाही, मालकाचं घराणं बघत नाही, नाकाची लांबी मोजत नाही. ढेकळांतून पळतो, बांधाशी आला की काटकोनात वळतो. मागच्या कुत्र्याच्या फुप्फुसात, हृदयात, खुब्यात, नजरेत जिथं कुठं उणं असेल, तिथं तो तेवढ्यात नापास. निकाल जागेवर. धनगराकडे किंवा बेरडाकडे सर्टिफिकेट नव्हतं, पण कोणत्या कुत्र्याची पिल्लं ठेवायची ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

हा परीक्षक आता सेवानिवृत्त झाला आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीची दारं बंद झाली, आणि ते योग्यच झालं. बिचाऱ्या सशानं किती पिढ्या पेपर काढायचे? शिकार पुन्हा सुरू करा, असं म्हणणारा मी नव्हे. पण परीक्षकाची खुर्ची रिकामी झाली आहे, आणि रिकाम्या खुर्चीत कोण येऊन बसतं, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

कुत्र्याला मान मिळाला, याचा मला आनंद आहे. २००५ साली त्याचं पोस्टाचं तिकीट निघालं. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्यासाठी संशोधन केंद्र उभं राहिलं. २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रानं त्याची पिल्लं शिक्षणाला नेली. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवरून त्याचं नाव घेतलं. त्यातली मेरठची गोष्ट मला सगळ्यांत आवडली, कारण तिथं त्याला काम करून दाखवायचं होतं. उरलेल्या मानाचं मात्र पुण्यात रूपांतर होतं ते मागणीत. माळावर वाऱ्याशी शर्यत लावणारा कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतो. त्याच्या बरगड्या पाहून शेजारच्या काकू म्हणतात, "काय हो, याला जेवायला घालत नाही का?" मालकाला लाज वाटते, तो तूपपोळी सुरू करतो. सहा महिन्यांत करवानीचा बाक होतो, बसायचा.

आणि मग प्रदर्शन. मान आणखी लांब हवी, पोट आणखी आत हवं, पाय आणखी बारीक हवेत. 'आणखी' हा शब्द कुत्र्याच्या जातीला फार महाग पडतो. पगचं नाक आणखी चपटं, आणखी चपटं करता करता त्याला श्वास पुरेनासा झाला. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो झळकला, घरोघरी आला, आणि एप्रिलच्या उन्हात घोरत, धापा टाकत फिरू लागला. लोक म्हणतात, "किती गोड आवाज काढतो!" अहो, तो आवाज काढत नाही, तो हवा मागतो आहे.

यावर कुणी म्हणेल, मग आमच्या बोळातला गावठीच सर्वांत बरा! तसंही नाही. त्याचे परीक्षक म्हणजे रिक्षा, रोगराई आणि उपास. एका वेतातली किती पिल्लं वर्षभर टिकतात, हे बोळातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. इतकी निष्ठुर परीक्षा कुणालाच नको. पण परीक्षाच नको आणि नुसतं गॅदरिंग हवं, हेही नको.

प्रदर्शनवाले म्हणतात, आमच्यामुळेच जाती टिकल्या. काही अंशी खरं आहे. आणि त्यांच्यातल्या शहाण्यांनी शहाणपणही दाखवलं आहे. २००२ साली डच संशोधकांनी बेडलिंग्टनचा तो दोष कुठल्या जनुकात आहे ते शोधलं, चाचणी आली, आणि चांगल्या ब्रीडरांनी चाचणी करूनच सोयरिकी जमवायला सुरुवात केली. म्हणजे हे जमतं. मग ते करवानीची गत तशी व्हायच्या आधीच का करू नये?

माझ्या मागण्या कारकुनी आहेत. त्या सर्टिफिकेटवर चार रकाने वाढवा. आजी-आजोबा किती वर्षं जगले? कशानं गेले? हृदय, डोळे आणि खुबे डॉक्टरांनी तपासले का? एका नराची पिल्लं आजवर किती झाली? आणि करवानीच्या प्रदर्शनात टेबलाच्या आधी मैदान ठेवा. दोरीला फडकं बांधून यंत्रानं ओढतात, कुत्री त्यामागे धावतात. विलायतेत हा खेळ रूढ आहे. सशाला दगदग नाही आणि कुत्र्याची लबाडी नाही. जो धावेल आणि धावून आल्यावर शेपूट हलवत उभा राहील, त्यालाच टेबलावर चढू द्या. मग खुशाल मोजा त्याचं नाक.

तोवर कुणीही मला कौतुकानं सांगितलं, "चॅम्पियनचं पिल्लू आहे हो!" तर मी चष्मा वर करून काउंटरवरच्या आवाजात एवढंच विचारणार, "असेल. चॅम्पियन किती वर्षं जगला?"