हिवाळ्यांतील मोटारीची सहल : सिरोंच्याच्या वाटेनें

दिवाळीचा फराळ संपला, मुलांच्या सहामाही परीक्षांचे निकाल हातीं आले आणि नाताळच्या सुटीचे वेध लागले, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा जावयाचें कोठें? अलीकडे या प्रश्नास एक नवें उत्तर मिळूं लागलें आहे. कित्येक मराठी कुटुंबें मोटार घेऊन थेट हिमालयाची वाट धरतात. नारकंडा, सोलंग, औली अशा ठिकाणीं बर्फावरून घसरण्याच्या खेळाची मौज पाहतात, आणि एकाच सहलींत तीन-चार ठिकाणें करून परततात. ज्यांना तें झेपेल त्यांनीं तें अवश्य करावें. परंतु ज्यांच्याबरोबर सत्तरीच्या आजी आणि सात वर्षांचा नातू अशीं घराचीं दोन्ही टोकें निघावयाचीं आहेत, त्यांनीं आपल्याच राज्याच्या आग्नेय कोपऱ्याकडे एकदां दृष्टि टाकावी, अशी आमची सूचना आहे. हा कोपरा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यांतील सिरोंचा.

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून पुढें वाहणाऱ्या नदीस प्राणहिता म्हणतात. तिच्या कांठीं सिरोंचा वसलें आहे, आणि गांवापासून जवळच ती गोदावरीस मिळते. नांदेड जिल्ह्यांतून तेलंगणांत गेलेली आपली गोदावरी येथें महाराष्ट्राच्या सीमेस पुन्हां एकदां येऊन भेटते. आज हें एक तालुक्याचें आडगांव वाटतें. पण १८६० सालीं इंग्रजांनीं अपर गोदावरी या नांवाचा स्वतंत्र जिल्हा निर्माण केला, तेव्हां त्याचें मुख्य ठाणें सिरोंचा हेंच होतें. १८७४ मध्यें तो जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडलें गेलें, आणि १९८२ सालीं चंद्रपुराचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हां तें त्यांत आलें. त्या जुन्या काळीं गोदावरी व प्राणहिता यांतून नौका चालवून मध्यप्रांताचा कापूस समुद्रापर्यंत न्यावा, असा मोठा बेत सर आर्थर कॉटन यांच्या पुढाकारानें सुरू झाला होता. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी येथील खडकांचे तीन अडथळे चुकविण्यासाठीं कालव्यांचीं व बांधांचीं कामें हातीं घेतलीं गेलीं. परंतु खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्यें तो नाद सोडून द्यावा लागला. नदी वर्षांतून किती दिवस वाट देईल, हा हिशेब शेवटपर्यंत जमला नाहीं.

आजच्या प्रवाशासही या मुलखांत एक हिशेब जमवावा लागतो; मात्र तो पाण्याचा नसून उजेडाचा आहे. हिमालयांत बर्फ पडलें कीं घाट बंद होतो, आणि त्या धास्तीनें तिकडे जाणारा मनुष्य हवामान विचारून मगच पाऊल टाकतो. सिरोंच्याकडे घाट बंद होत नाहीं, म्हणून लोक निष्काळजी होतात. वस्तुतः तेथें रोज सायंकाळीं घाट बंद होतो असेंच धरून चालावें. डिसेंबरच्या उत्तरार्धांत सिरोंच्यास सूर्य पांच वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, म्हणजे पुण्यापेक्षां जवळजवळ २५ मिनिटें आधीं, मावळतो. पश्चिमेकडून आलेल्या माणसाचा अंदाज नेमका येथें चुकतो. शिवाय दोन्ही बाजूंस सागवान असल्यामुळें रस्त्यावरचा उजेड सूर्याच्याही आधीं जातो. त्यानंतर गुरें, रानडुकरें आणि दिव्याशिवाय उभ्या केलेल्या बैलगाड्या वाटेंत येतात. जिल्ह्याच्या उत्तर भागांत तर २०२१ सालापासून छत्तीसगडांतून आलेल्या रानटी हत्तींचा कळप वावरूं लागला. यास्तव पहिला नियम हा, कीं चार वाजतां मुक्कामाच्या दारीं मोटार उभी राहिली पाहिजे. पांचवा तास विलंबासाठीं राखून ठेवावा. रोजचा पल्ला मैलांनीं न मोजतां तासांनीं मोजावा, आणि एका दिवशीं पांच तासांहून अधिक वेळ चाकावर घालवूं नये.

रस्त्याविषयीं दोन शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. आलापल्ली ते सिरोंचा हें अंतर सुमारें १०० किलोमीटर आहे; परंतु हा रस्ता पुष्कळ वर्षें खड्ड्यांसाठींच प्रसिद्ध होता, आणि त्याच्या नूतनीकरणाचें काम तुकड्यातुकड्यांनीं होत आलें आहे. म्हणून निघण्यापूर्वीं त्याच आठवड्यांत तेथून आलेल्या कोणा चालकास स्थिति विचारावी. नकाशांत दिसणाऱ्या वेळेवर विसंबूं नये. आष्टी ते आलापल्ली या टप्प्यांत सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड मालमोटारी भेटतात. त्यांच्या पुढें जाण्याची घाई करण्यांत कांहींच मिळवावयाचें नसतें. तेल आलापल्लीस भरून घ्यावें. रानांत दूरध्वनि लागत नाहीं असें धरून चालावें, आणि घरीं राहिलेल्या वडील मंडळींस मुक्कामांचीं ठिकाणें कागदावर लिहून द्यावीं.

आतां प्रत्यक्ष आखणी. नागपुराहून निघणाऱ्यांनीं आठ दिवस हाताशीं धरावे. पहिल्या दिवशीं केवळ गडचिरोली गांठावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चामोर्शीजवळचें मार्कंडा पाहावें. वैनगंगेच्या कांठावरील या देवालयसमूहाची दखल अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं १८७३ ते १८७५ मधील दौऱ्यांच्या अहवालांत घेतली आहे. महाशिवरात्रीस येथें फार मोठी यात्रा भरते; हिवाळ्यांत मात्र भिंतींवरील मूर्ति निवांतपणें पाहतां येतात. तेथून दिवसाउजेडीं आलापल्लीस मुक्कामास यावें. वनखात्याच्या विश्रामगृहांत उतरावयाचें असल्यास परवानगी आधीं मिळवावी लागते.

तिसरा दिवस रानाचा. आलापल्लीहून भामरागडकडे जातांना सुमारें १६ किलोमीटरांवर सहा हेक्टरांचा एक वनखंड राखलेला आहे. ‘आलापल्लीचें वनवैभव’ म्हणून तो ओळखला जातो. १९५३ सालापासून त्यांत कुऱ्हाड चाललेली नाहीं, आणि २०१४ सालीं तो महाराष्ट्रांतील पहिलें जैवविविधता वारसास्थळ ठरला. लावलेलें सागवान आणि आपोआप वाढलेलें रान यांतील भेद मुलांस येथें डोळ्यांनीं दिसतो. पुढें भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा त्रिवेणी संगम आहे. त्याच्या अलीकडे हेमलकसा. बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत तेथें लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया लोकांसाठीं तेथें दवाखाना व शाळा उभी केली. त्या कार्याबद्दल उभयतांस २००८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मात्र तो चालता दवाखाना आहे, याचें भान ठेवून आणि आगाऊ कळवूनच जावें.

चौथ्या दिवशीं सिरोंच्याकडे निघावें. वाटेंत रेपनपल्लीकडून कमलापूरचा हत्ती कँप लागतो. एकेकाळीं ओंडके ओढण्याच्या कामाचे हे वनखात्याचे हत्ती आतां बहुतांशीं निवृत्तच आहेत. जानेवारींत कांहीं दिवस त्यांच्या पायांना औषधी वनस्पतींचा लेप देण्याचा उपचार चालतो आणि त्या काळांत कँप पाहुण्यांस बंद असतो. तारखा आधीं विचाराव्या, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाहीं.

पांचवा दिवस हा आमच्या आखणीचा गाभा आहे. त्या दिवशीं मोटारीचें चाक फिरवूंच नये. सकाळीं प्राणहितेच्या वाळवंटांत उन्हें खात बसावें. पुरुषमंडळींनीं चहा करावा. आजींनीं पाय सोडून पडावें. वाटल्यास सहाव्या दिवशीं पुलावरून गोदावरी ओलांडून तेलंगणांतील काळेश्वरास जावें. तेथें एकाच शाळुंकेंत काळेश्वर आणि मुक्तेश्वर अशीं दोन लिंगें आहेत. ज्यांना देवदर्शनापेक्षां सृष्टीच्या इतिहासाची ओढ अधिक, त्यांनीं त्याच दिवशीं वडधमचें जीवाश्म उद्यान पाहावें. याच तालुक्यांतील कोटा गांवाच्या नांवानें भूगर्भशास्त्रांत खडकांचा एक थर ओळखला जातो, आणि पोचमपल्लीजवळ त्या थरांत एका अजस्र सरड्याचीं हाडें सांपडलीं. १९६१ मध्यें रवींद्रनाथ ठाकुरांची जन्मशताब्दी होती, म्हणून त्यास ‘बारापासॉरस टागोराय’ असें नांव मिळालें. ‘बारा पा’ म्हणजे बंगालींत मोठा पाय. त्याचा सांगाडा आज कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत उभा आहे. इंद्रावती व गोदावरी यांचा सोमनूर येथील संगमही रम्य आहे. परंतु काळेश्वर, वडधम व सोमनूर हीं तिन्हीं एकाच दिवशीं उरकण्याचा मोह टाळावा. एक निवडावें. सातव्या दिवशीं आलापल्ली व आठव्या दिवशीं घर.

कोणी म्हणेल, एवढ्या दूर जाऊन ताडोबा कां वगळावें? तर त्यास स्वतंत्र आरक्षण, स्वतंत्र पहाट आणि स्वतंत्र खर्च लागतो. तें पुढील वर्षासाठीं ठेवावें. सहलीची आखणी करतांना काय पाहावयाचें याची यादी सर्वच करतात. काय सोडावयाचें याची यादी घरांतील सर्वांनीं एकत्र बसून केली, तरच ती सहल सुखाची होते.

याचें कारण असें, कीं घाईचा भार घरांतील सर्वांवर सारखा पडत नाहीं. तो पडतो सूनबाईंवर, आजींवर आणि चालकावर. या रस्त्यांवर बायकांच्या प्रातर्विधीची व लघुशंकेची सोय फार थोड्या ठिकाणीं आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाहीं; बायका मुकाट्यानें सकाळपासून पाणी पिणें सोडतात, आणि परत आल्यावर मूत्रमार्गाच्या जळजळीनें आजारी पडतात. तेव्हां दोन-दोन तासांवर जेथें स्वच्छ सोय आहे असें ठिकाण, मग तें उपाहारगृह असो वा विश्रामगृह, आधीं विचारून आखणींत लिहूनच ठेवावें. ही सोय पाहणें हें कर्त्या पुरुषाचें काम आहे. सुनेनें संकोच सोडून विचारावें, अशी वेळ तिच्यावर आणूं नये. दशम्या, मेतकूट आणि चिवडा बरोबर घ्यावा. पण मुक्कामाच्या ठिकाणीं स्टोव्ह पेटवून वीस माणसांचा स्वयंपाक मांडूं नये. घरचीच चूल जर रानांत न्यावयाची, तर सुटी कोणाची झाली? चालकास मात्र सर्वांच्या आधीं जेवावयास बसवावें आणि रात्रीं स्वतंत्र खोलींत पुरती झोप द्यावी.

प्रकृतीविषयीं एक सूचना विसरूं नये. गडचिरोली जिल्ह्यांत हिंवतापाचा उपद्रव मोठा आहे, आणि थंडी पडली म्हणून डांस नाहींसे होत नाहींत. मच्छरदाण्या बरोबर न्याव्या. सायंकाळीं मुलांस पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे. घरीं परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत, किंवा त्यानंतरही, कोणास ताप आला, तर आपण कोठें जाऊन आलों हें डॉक्टरांस आरंभींच सांगावें. आजींचीं नेहमींचीं औषधें दुप्पट दिवसांचीं घ्यावीं. सिरोंचा व अहेरी येथें सरकारी रुग्णालयें आहेत. तीं वाटेवर कोठें आहेत, हें निघण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

आतां भीतीविषयीं. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ या भागांत शिरली, आणि पुढें चाळीस वर्षें ‘गडचिरोली’ म्हटलें कीं घरच्या माणसांच्या कपाळास आठी पडे. तेथील लोकांनीं त्या काळांत काय सोसलें तें आपणांस वर्तमानपत्रांतून पुरतें कळलेंही नाहीं. १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं या चळवळीचे एक प्रमुख नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपति यांनीं गडचिरोलींत ६० सहकाऱ्यांसह शस्त्रें खालीं ठेवलीं. काळ पालटत आहे. तरीही स्थानिक पोलिसांचा सल्ला घ्यावा आणि आडवाटेस जाऊं नये.

हा मुलूख कोणाचें तरी घर आहे, हें सर्वांत महत्त्वाचें. सिरोंच्यास बाजारांत तेलुगु ऐकूं येते, रानांत माडिया व गोंडी, आणि शाळेंत मराठी. मुलांस जातांना दोन शब्द शिकवावे : थोरल्या भावास अन्ना, थोरल्या बहिणीस अक्का. माडिया पाड्यांत शिरून न विचारतां छायाचित्रें काढूं नयेत, मुलांवर खाऊ उधळूं नये. ज्या रस्त्याच्या खड्ड्यांची आपण आठ दिवस कुरकुर करणार, त्याच रस्त्यानें तेथील बाळंतिणीस बारा महिने रुग्णालयांत जावें लागतें. आपल्या मुलांनीं ही गोष्ट त्या प्रवासांत स्वतःच्या हाडांनीं जाणली, तर बर्फ पाहिलें नाहीं याची खंत करण्याचें कारण उरणार नाहीं.

तेव्हां येत्या रविवारीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं एकत्र बसावें, आणि लेखणी घरांतील सर्वांत धाकट्या सुनेच्या हातीं द्यावी. मुक्काम तिनें ठरवावे. अंतरें पुरुषांनीं मोजावीं.