तुटलेला बॅकअप जोडताना

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही सूरह बकराच्या 282 व्या आयतीतील ताकीद आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहे. आता खतावणी संगणकात गेली आणि तिची नक्कल नेटवर्कवरील स्टोरेज ड्राइव्हवर. पण राउटर बदलला की ड्राइव्हला अनेकदा वेगळा पत्ता मिळतो. संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो, बॅकअप थांबतो आणि पेढीवर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे कारण नवे आहे. 2024 मध्ये आलेली विंडोज 11 प्रोची 24एच2 आवृत्ती बिनपासवर्डचा ड्राइव्ह सहसा जोडून घेत नाही. मग दुरुस्तीवाला संगणकाचीच सुरक्षा सैल करून देतो. हे आम्हाला मुळीच पसंत नाही. ड्राइव्हला नाव-पासवर्ड घाला, राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करा आणि जुनाच बॅकअप पुढे चालू ठेवा. घाईत ड्राइव्ह फॉरमॅट केला तर मागची वर्षे गेली. जीएसटी कायद्याने तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपायचे आहेत. जकातीचा हिशेबही त्यातूनच निघतो. जोडणी झाल्यावर गेल्या रमजानची एखादी फाइल परत उतरवून उघडून पाहा. नुसत्या हिरव्या खुणेवर आम्ही तरी विसंबणार नाही.