बडग्याने मने जिंकता येत नाहीत

सिडनीतील लोवी इन्स्टिट्यूट ही अभ्याससंस्था दरवर्षी ऑस्ट्रेलियन जनतेचा कौल घेते. चीन जगात जबाबदारीने वागेल असा विश्वास वाटतो का, हा त्यातील एक प्रश्न. २०१८ साली ५२ टक्के लोकांनी होकार दिला होता. २०२२ साली असे म्हणणारे उरले अवघे १२ टक्के!

एका लोकशाही राष्ट्राचे मन चार वर्षांत असे का पालटावे? आपल्याकडील डाव्या विचारवंतांकडे उत्तर तयार असते : अमेरिकेची प्रचारयंत्रणा. वॉशिंग्टनने डोळे वटारायचे आणि मित्रराष्ट्रांनी माना डोलवायच्या, हा त्यांचा लाडका सिद्धान्त. (अमेरिकेच्या मित्रांनाही स्वतःची बुद्धी असू शकते, हे त्यांच्या पचनी पडत नाही.) वस्तुस्थिती मात्र निराळीच आहे. हे मन बीजिंगने स्वतःच्या करणीने गमावले.

एप्रिल २०२० मध्ये मॉरिसन सरकारने कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मागणी रास्तच होती. मे महिन्यातच चीनने ऑस्ट्रेलियन बार्लीवर ८० टक्के शुल्क लादले. मग कोळसा अडला, लाकूड अडले. वाईनवरील शुल्क तर पुढे २०० टक्क्यांच्याही वर गेले. नोव्हेंबरमध्ये कॅनबेरातील चिनी दूतावासाने पत्रकारांच्या हाती चौदा तक्रारींची यादीच ठेवली. हुआवेईला ५जी जाळ्यातून वगळले ही एक तक्रार. तेथील वृत्तपत्रे चीनविरुद्ध लिहितात, ही दुसरी! स्वतःच्या देशात वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्यांनी परक्या देशातही तीच अपेक्षा धरावी, यापरता उद्दामपणा कोणता? लोहखनिजाला मात्र हात लावला नाही. चिनी पोलादाच्या भट्ट्या त्यावरच पेटतात ना!

व्यापार वाढला की मैत्री आपोआप वाढते, असे सांगणारे पंडित त्या देशातही होते. २०१५ साली डार्विनचे बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीच्या हाती गेले, तेही अमेरिकन मरीन सैनिकांची तुकडी दरवर्षी ज्या शहरात येते तिथले. शुल्कांचा तडाखा बसल्यावर मात्र सामान्य माणसाने मनाशी हिशेब मांडला. २०१८ मध्ये चीनला मुख्यतः आर्थिक भागीदार मानणारे ८२ टक्के होते. २०२१ मध्ये ६३ टक्क्यांना तो सुरक्षेचा धोका वाटू लागला. त्याच वर्षी ऑकस करार झाला. आणि अडलेल्या कोळशाचे काय झाले? त्यातील बराचसा भारत आणि जपानकडे वळला.

चीनवरचा अविश्वास म्हणजे अमेरिकेवरची भक्ती, असे समजणाऱ्या आपल्याकडील अमेरिकाप्रेमींनीही जरा थांबावे. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मित्रांच्याच मालावर शुल्क लादले, आणि त्या वर्षीच्या कौलात अमेरिकेवर विश्वास ठेवणारे ३६ टक्क्यांवर घसरले. चीनवरचा विश्वास २० टक्क्यांपर्यंत सावरला, एवढेच. बडगा कोणीही उगारो, ऑस्ट्रेलियन मतदार त्याची नोंद ठेवतो. त्याच वर्षीच्या निवडणुकीत दोन्ही प्रमुख पक्षांनी डार्विनचे बंदर पुन्हा ऑस्ट्रेलियन हाती आणण्याचे वचन दिले.