पुस्तकाची इयत्ता कोणती?

शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके घ्यायची वेळ आली, की शिक्षक आणि पालक हमखास एक मागणी करतात : कोणत्या वयाच्या मुलांना कोणती पुस्तके द्यावीत, याची एक यादी द्या. मागणी रास्त आहे. पैसे थोडे, कपाट एकच आणि मुले मात्र पाचवीपासून दहावीपर्यंतची. यादी हाताशी असली म्हणजे खरेदी सोपी होते. पण हीच यादी पुढे पुस्तके वाटतानाही नियम म्हणून वापरली जाते, आणि तेथे ती नुकसान करते, असे माझे मत आहे.

मी सातवीत असताना शाळेच्या कपाटातले ग्रहणांवरचे एक पुस्तक मागितले होते. ‘ते दहावीच्या मुलांसाठी आहे,’ असे सांगून माझ्या हातात बोधकथा देण्यात आल्या. दहावीत गेल्यावर ते पुस्तक मला सहज मिळाले असते. पण तोवर ते मागावे असे वाटेनासे झाले होते. मुलाचे कुतूहल तीन वर्षे ताटकळत बसत नाही.

शास्त्रज्ञांच्या बालपणाकडे पाहिले तर काय दिसते? कुंभकोणमच्या श्रीनिवास रामानुजन यांनी लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत आत्मसात केले होते. ते शाळकरी मुलांसाठी लिहिलेले नव्हते. मायकेल फॅरडे यांची गोष्ट याच्या उलट आहे. ते चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचू लागले. त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली ती जेन मार्सेट यांच्या पुस्तकामुळे. १८०६ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ते पुस्तक म्हणजे एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातील साधा संवाद होता. ‘हे तर नवशिक्यांसाठी आहे’ म्हणून फॅरडे यांनी ते बाजूला ठेवले नाही. पुढे त्यांनी स्वतः मेणबत्तीवर मुलांसाठी दिलेली सहा व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. म्हणजे कधी वयापेक्षा अवघड पुस्तक कामी येते, तर कधी सोपे.

तिसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. १९०८ साली शाळकरी सलीम अली एक मेलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे त्यांना हवे होते. संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दिली, पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि पक्ष्यांवरची पुस्तके वाचायला दिली. मुलाने आणलेला प्रश्न पाहून त्यांनी पुस्तक निवडले.

मग वयाला काहीच अर्थ नाही का? आहे. मात्र वयानुसार विषय फारसे बदलत नाहीत. पुस्तकाकडून मूल काय मागते, ते बदलते. साप पहिलीतल्या मुलालाही आवडतो आणि दहावीतल्यालाही. लहान मुलाला मोठे चित्र आणि दोन ओळी पुरतात. नेहरू बाल पुस्तकालय मालेत अशी पुस्तके मिळतात. पाचवी ते सातवीच्या मुलांचे हात स्वस्थ बसत नाहीत. त्यांना करून पाहायचे, गोळा करायचे, ओळखायचे असते. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवणारी अरविंद गुप्ता यांची पुस्तके आणि पक्षी, झाडे, फुलपाखरे ओळखायची चित्रमय पुस्तके त्यांना द्यावीत. आठवीनंतर ‘हे कशावरून?’ असा प्रश्न पडू लागतो. तेव्हा जयंत नारळीकर यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ यासारखे पुस्तक हवे, शास्त्रज्ञांची चरित्रे हवीत आणि मराठी विश्वकोशात एखादी नोंद कशी शोधावी हेही दाखवायला हवे. ही वाटणी ढोबळ आहे. आठवीतल्या मुलाला खेळणी करावीशी वाटली, तर त्यात कमीपणा मानू नये.

काही शिक्षक एक युक्ती सांगतात : कोणतेही एक पान वाचावे आणि न कळलेले शब्द बोटांवर मोजावेत, पाचही बोटे संपली तर पुस्तक अवघड समजावे. गोष्टीच्या पुस्तकांना ही कसोटी बरी. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र ती फसते, कारण तेथे नवे शब्द असायचेच. शिवाय ज्याला सापांचे वेड आहे, तो दहा अनोळखी शब्द ओलांडून घोणस आणि फुरसे यांतला फरक शोधून काढतोच.

मुलाच्या वयाइतकेच पुस्तकाचे वयही पाहावे. अनेक कपाटांत अजून नऊ ग्रहांची पुस्तके आहेत. १९३० साली सापडलेल्या प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळून बटुग्रह ठरवण्यात आले. अशी पुस्तके लगेच रद्दीत घालायला नकोत. पहिल्या पानावर प्रकाशनाचे साल पाहायची सवय लावावी आणि आत काय बदलले त्याची चिठ्ठी चिकटवावी. जुने आणि नवे पुस्तक शेजारी ठेवून वाचले, की विज्ञान स्वतःची चूक कशी दुरुस्त करते ते आपोआप कळते.

आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन हे आधी गणिताचे प्राध्यापक होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी असतात, हे त्यांतले पहिले. आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे दुसरे. कुलूपबंद कपाट पहिले सूत्र मोडते आणि इयत्तेची अट दुसरे.

म्हणून शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक मुलाला एका वेळी दोन पुस्तके द्या : एक तुम्ही सुचवलेले आणि एक त्याने कपाटातून स्वतः निवडलेले, मग ते कोणत्याही इयत्तेचे असो. पुस्तक जड गेले तर ते दोन दिवसांत परत येईल, एवढेच. फाटण्याची भीती असेल तर प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांना पुस्तके चिकटवायला शिकवा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, ग्रंथालयात एक वही ठेवा. वाचलेल्या पुस्तकाबद्दल तिच्यात दोनच ओळी लिहा : त्यातून काय कळले आणि कोणता प्रश्न पडला. वर्षअखेरीस ती वही चाळा. तुमच्या शाळेला हवी असलेली यादी तीत तयार झालेली असेल.